मैदान, चहा आणि पंगत : एका जिमखान्याचे चरित्र

संस्थेचा इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे लेखकाच्या हाती प्रथम तीन गोष्टी येतात : स्थापनेची तारीख, देणगीदारांची यादी आणि अध्यक्षांची छायाचित्रे. या तिन्ही गोष्टींचे मोल आहेच. तथापि संस्थेचे खरे चरित्र घडते ते तिच्या दाराशी. दार कोणासाठी उघडले, कोणाला उंबऱ्यावर थांबविले, आणि जो उंबऱ्यावर थांबला त्याला आत येऊन शेजारी बसावयास किती वर्षे लागली, हे प्रश्न विचारल्यावाचून कोणत्याही संस्थेचे वय मोजता येत नाही.

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या जुन्या संस्थेविषयी लिहावे, अशी सूचना संपादकांकडून आली, तेव्हा मुंबईच्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याचे नाव मनात आले. बदलीच्या नोकरीत आयुष्य गेलेल्या मजसारख्या माणसाचा नव्या गावात एक ठराविक क्रम असतो. आधी बिऱ्हाड लागते, मग मराठी मंडळाचा पत्ता सापडतो, आणि त्यानंतरच्या पहिल्या रविवारी पाय आपोआप क्रिकेटच्या मैदानाकडे वळतात. हिंदू जिमखान्याच्या इतिहासात मंडळ आणि मैदान या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत. ज्यांना क्रिकेटची गोडी नाही अशा वाचकांनीही ही पाने उलटून पुढे जाऊ नये, ही विनंती. कारण या कथेत चेंडूफळीइतकेच महत्त्व चहाच्या पेल्याला आहे.

घोड्यांच्या टापा आणि खेळपट्टी

हिंदी माणसांत क्रिकेटचे बी प्रथम रुजविले ते मुंबईच्या पारशी बांधवांनी. १८४८ मध्ये त्यांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापन केला. हिंदूंचा पहिला क्लब, बाँबे युनियन, १८६६ मध्ये निघाला. त्यानंतर मुंबईत हिंदूंचे क्लब निघत गेले ते जाती-जातींचे आणि भाषा-भाषांचे. गौड सारस्वत, क्षत्रिय, मराठा, गुजराती, तेलुगू अशी त्यांची नावेच त्यांच्या सभासदत्वाच्या अटी सांगत. आपापल्या आळीतील मुलांनी एकत्र यावे, वर्गणी काढून बॅट घ्यावी आणि मैदानाच्या कोपऱ्यात खेळ मांडावा, इतकीच त्यांची झेप होती.

हे मैदान म्हणजे किल्ल्याबाहेरील एस्प्लनेडची मोकळी जागा. तिच्या एका भागात १८७५ मध्ये युरोपियनांनी बाँबे जिमखाना स्थापन केला. हिरवळ राखलेली, खेळपट्टी देखणी. परंतु तेथे हिंदी माणसास प्रवेश नव्हता. उरलेल्या जागेवर हिंदी तरुणांचे कितीतरी सामने एकाच वेळी चालत. याच जागेवर गोरे अधिकारी आठवड्यातून काही दिवस घोड्यावर बसून पोलो खेळू लागले. घोड्यांच्या टापांनी उकरलेल्या जमिनीवर दुसऱ्या दिवशी चेंडू कोठे उसळेल याचा नेम राहिना. आपल्या स्वतःच्या मैदानावर कोणास पाऊल टाकू न देणाऱ्यांनी इतरांच्या खेळपट्टीचा चिखल करावा, हा अन्याय त्या शाळा-कॉलेजांतील पोरांनाही उमगला.

१८८१ मध्ये हिंदू, मुसलमान आणि पारशी अशा शेकडो खेळाडूंनी एकाच अर्जावर सह्या करून तो सरकारकडे धाडला. काँग्रेसची स्थापना व्हावयास अजून चार वर्षे अवकाश होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या अर्जाचे महत्त्व कळते. पुढे काही वर्षे अर्ज, प्रतिअर्ज, परवानगी आणि परवानगी मागे घेणे असा सरकारी शिरस्त्यातील सारा खेळ झाला. फायलींत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्यास तो परका वाटत नाही. या लढ्याची हकीकत शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थांनी १८९७ मध्ये पुस्तकरूपाने लिहून ठेवली, म्हणून ती आज आपणांस कळते.

अखेर सरकारने तोड काढली ती निराळीच. मूळ मैदानाचा प्रश्न तसाच ठेवून पश्चिमेस समुद्रालगत, केनेडी सी-फेस या भागात, प्रत्येक समाजास वेगळा भूखंड देण्यात आला. आधी पारशांना, आणि मग लॉर्ड हॅरिस गव्हर्नर असताना मुसलमानांना व हिंदूंना. परमानंददास जीवनदास यांच्या नावे मिळालेल्या देणगीच्या आधाराने १८९४ मध्ये हिंदू जिमखाना उभा राहिला. मरीन ड्राइव्हचा रस्ता तेव्हा झालेला नव्हता. समुद्राचा वारा थेट खेळपट्टीवर येत असे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अर्जावर सह्या करताना हिंदू, मुसलमान आणि पारशी एकत्र होते. जमीन मिळाली ती मात्र तिघांना तीन ठिकाणी, मध्ये कुंपणे घालून. या कुंपणांची किंमत पुढे पन्नास वर्षे मोजावी लागणार होती. परंतु त्याआधी जिमखान्यासमोर दुसराच प्रश्न उभा राहिला. दारावर 'हिंदू' अशी पाटी लावली खरी. त्या पाटीत कोण-कोण मावते?

पुण्यातील मातीचा पेला

या प्रश्नाचे नाव होते बाळू पळवणकर.

बाळूंचा जन्म १८७६ मध्ये धारवाड येथे, चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्करात नोकरीस होते आणि कुटुंब पुण्यास राहत असे. लष्करी छावणीत मुलांना क्रिकेटची ओळख झाली. बाळूंनी लहानपणीच पुण्यात पारशांच्या एका क्लबात मैदान झाडण्याचे व रोलर फिरविण्याचे काम पत्करले. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात त्यांना महिना चार रुपयांवर चाकरी मिळाली. खेळपट्टी तयार करावयाची, जाळी उभारावयाची, टेनिसच्या मैदानावर चुन्याच्या रेषा आखावयाच्या, आणि साहेबांना सराव हवा असेल तेव्हा गोलंदाजी करावयाची, अशी कामे होती. जे. जी. ग्रेग हे त्या काळचे नावाजलेले इंग्रज फलंदाज. ते इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूंकडून तासन्‌तास गोलंदाजी करून घेत. आपणांस बाद केले की ते बाळूंना आठ आणे बक्षीस देत, अशी आख्यायिका आहे. एक गोष्ट मात्र त्या क्लबात बाळूंना कधीही मिळाली नाही, ती म्हणजे हातात बॅट. गोलंदाजी हे श्रमाचे काम, फलंदाजी हा सरदारी डौल, अशी ती विभागणी होती.

डावखुऱ्या हाताने संथ चेंडू टाकणारा हा तरुण दोन्ही बाजूंना चेंडू वळवितो, टप्पा कोठे टाकावा हे त्याला नेमके कळते, ही वार्ता गावात पसरण्यास वेळ लागला नाही. पुण्याच्या हिंदू खेळाडूंना युरोपियनांस हरवावयाचे होते, आणि युरोपियनांना जो गोलंदाज ठाऊक होता व ज्याची धास्ती होती तो जातीने अस्पृश्य. संघात दोन तट पडले. तेलुगू खेळाडू बाळूंच्या बाजूने होते, तर सनातनी वृत्तीच्या पुणेकरांस ते मान्य होईना. शेवटी जिंकण्याची इच्छा बलवत्तर ठरली आणि बाळूंना संघात घेतले.

संघात घेतले, म्हणजे मैदानावर घेतले. चेंडू एकच होता. बाळूंच्या बोटांतून सुटलेला चेंडू ब्राह्मण यष्टिरक्षकाच्या हातात जाई आणि त्याने कोणी बाटत नसे. परंतु खेळ थांबला, चहाची वेळ झाली, की मंडळी तंबूत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत आणि बाळूंचा चहा बाहेर येई, वापरून फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात. तोंडावर पाणी घ्यावयाचे झाले तर त्यांच्याच समाजातील एखादा चाकर मैदानाच्या कोपऱ्यात पाणी घेऊन येई. जेवणाचे ताट वेगळे आणि तेही वेगळ्या जागी. ज्याने सकाळपासून षटकामागून षटके टाकून गडी बाद केले, त्याच्या वाट्यास उन्हातला तो कोपरा यावा आणि त्याच्या श्रमावर जिंकणाऱ्यांनी आत सावलीत बसावे, यात कोणास काही विपरीत वाटत नव्हते.

कोणासच वाटत नव्हते, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. सातारच्या युरोपियन जिमखान्याविरुद्ध पुणेकर खेळावयास गेले, तेव्हा यजमानांनी बाळूंची धास्ती घेऊन खेळपट्टी विशेष मेहनतीने बनविली होती. बाळूंनी तरीही सात गडी बाद केले. पुण्यास परतल्यावर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंचा जाहीर गौरव केला. ज्याच्यासमवेत आपण खेळतो त्याच्यासमवेत खाणेपिणेही का असू नये, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. रानड्यांनी बोट ठेवले ते नेमके दुखऱ्या जागी. मैदानाची सीमारेषा ओलांडली की समता संपते, ही ती जागा.

मुंबईतील पंगत

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला व पाठोपाठ पुणेही त्याच्या तावडीत सापडले. त्या धामधुमीच्या काळात बाळू मुंबईस आले. पुढे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या संघाकडून ते खेळू लागले. हिंदू जिमखाना तेव्हा अगदी नवा होता. बाळूंना आत घ्यावे की नाही यावर तेथेही खल झाला. काही सभासदांनी विरोध केला, परंतु खेळाडूंच्या आग्रहापुढे तो टिकला नाही. पाठोपाठ धाकटे बंधू शिवराम आले. गणपत आणि विठ्ठल हे आणखी दोघे भाऊही पुढे याच वाटेने आले.

मुंबईने पुण्याच्या एक पाऊल पुढे टाकले. जिमखान्यात पळवणकर बंधू इतर खेळाडूंबरोबर जेवावयास बसू लागले. आज हे वाक्य वाचताना त्यात काही विशेष वाटत नाही. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी, जेव्हा सुधारक म्हणविणाऱ्या घरांतही माजघराचा उंबरठा ओलांडला जात नव्हता, तेव्हा एका सार्वजनिक संस्थेत ब्राह्मण, वाणी, प्रभू आणि चर्मकार एका पंगतीस बसले, ही घटना लहान नव्हती. त्या काळच्या 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या साप्ताहिकात याची नोंद आहे. पुण्यात बाळूंसमवेत खेळ झाला परंतु भोजन झाले नाही, मुंबईच्या जिमखान्यात भोजनही झाले, आणि या एका गोष्टीने तरुण हिंदूंच्या मनाची दारे जितकी उघडली तितकी इतर प्रयत्नांनी उघडली नसतील, असा त्या लेखाचा आशय होता.

या लेखास निमित्त झाले ते फेब्रुवारी १९०६ मधील सामन्याचे. तोवर युरोपियनांशी बरोबरीने खेळण्याचा मान केवळ पारशांना होता. त्या महिन्यात हिंदूंचा संघ प्रथमच युरोपियनांसमोर उभा राहिला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, युरोपियनांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदूंच्या १६० झाल्या आणि युरोपियनांचा डाव १०२ धावांत आटोपला. हिंदूंनी सामना १०९ धावांनी जिंकला, आणि त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. वंगभंगाची चळवळ जोरात असलेले ते दिवस. ज्या मैदानावर हिंदी माणसास पाऊल टाकता येत नव्हते, त्या मैदानाच्या मालकांना एका चर्मकाराच्या हातून हार पत्करावी लागली. दुसऱ्याच वर्षी, १९०७ मध्ये, पारशी, युरोपियन आणि हिंदू यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ येऊन ती चौरंगी झाली.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. बाळू आणि शिवराम दोघेही त्यात होते. दौऱ्यात संघ जिंकला त्याहून कितीतरी अधिक वेळा हरला. परंतु बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. तेव्हा ते पस्तिशीचे होते आणि खांदा दुखत होता. त्यांची प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील कारकीर्द केवळ ३३ सामन्यांची. त्यांत १७९ बळी आणि सरासरी सुमारे १५. भारताने पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये खेळला, त्यामुळे कसोटीच्या नोंदवहीत त्यांचे नाव सापडत नाही. नोंदवहीत नाव नसलेली माणसे लवकर विसरली जातात, हा सरकारी कचेरीइतकाच क्रीडाक्षेत्राचाही नियम आहे.

कर्णधार कोण?

पंगत झाली, परंतु पंगतीच्या पुढेही एक पायरी होती. बाळू हे संघातील सर्वांत अनुभवी आणि सर्वांत यशस्वी खेळाडू. असे असूनही कर्णधारपदाची निवड होताना दर वर्षी कोणी दुसराच पुढे येई. शेजारी बसवून जेवू घालणे निराळे आणि त्याच्या आज्ञेत राहणे निराळे, हा भेद येथे उघडा पडला. उदारपणे दिलेली जागा आणि हक्काने मिळालेली जागा यांत अंतर असते, ते असे.

एम. डी. पै हे सारस्वत खेळाडू १९१३ मध्ये कर्णधार झाले, तेव्हा त्यांच्या ज्ञातीने त्यांचा सत्कार केला. त्या समारंभात पै यांनी स्पष्ट सांगितले की हा मान माझे मित्र बाळू यांना मिळावयास हवा होता, कारण संघात ज्येष्ठ आणि अनुभवी तेच आहेत. स्वतःच्या सत्कारात असे बोलावयास मन मोठे लागते. जिमखान्याच्या इतिहासात जे थोडे क्षण निर्मळ अभिमानाने सांगावेत, त्यांत हा एक आहे.

तरीही १९२० साल उजाडले तेव्हा परिस्थिती पालटलेली नव्हती. कर्णधारपदी पुन्हा पै यांची निवड झाली होती; ते आजारी पडताच बाळूंच्या ज्येष्ठतेचा विचार न होता दि. ब. देवधरांचे नाव पुढे आले. देवधरांची योग्यता वादातीत. प्रश्न त्यांच्या योग्यतेचा नव्हताच. शिवराम आणि विठ्ठल यांनी जाहीर निवेदन करून संघातून अंग काढून घेतले. आपल्या थोरल्या भावास केवळ जातीमुळे डावलले जाते, हे त्यांनी लपवून ठेवले नाही. मुंबईच्या वृत्तपत्रांत गदारोळ उठला. अस्पृश्यतेचा प्रश्न त्याच सुमारास गांधीजींनी राष्ट्रीय सभेच्या कार्यक्रमात आणला होता. जिमखान्यास तो टाळता येण्यासारखा नव्हता. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यापूर्वी तडजोड झाली. पै कर्णधार म्हणून परतले, बाळूंना उपकर्णधार करण्यात आले, दोघे भाऊ संघात आले. सामना चालू असताना पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या वेळापुरते बाळूंनी हिंदूंच्या संघाचे नेतृत्व केले. चव्वेचाळीस वर्षांच्या त्या गोलंदाजाच्या वाट्यास कर्णधारपद आले ते इतकेच.

परंतु ते वाया गेले नाही. १९२३ मध्ये विठ्ठल पळवणकर यांची कर्णधारपदी रीतसर निवड झाली आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली. थोरल्याने खेळपट्टी झाडली, घासून पुसून तयार केली, आणि धाकटा त्यावर नाणेफेकीसाठी गेला. या दोन घटनांत सुमारे तीस वर्षे गेली. विठ्ठल यांनी पुढे १९४८ मध्ये 'माझे क्रीडाजीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले.

बाळूंचे पुढील आयुष्य सार्वजनिक कार्यात गेले. १९३२ च्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत ते होते. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. एकाच दुःखातून वर आलेल्या दोन मोठ्या माणसांना समोरासमोर उभे राहावे लागले, हे त्या काळाच्या राजकारणाचे एक क्लेशकारक पान आहे. १९५५ मध्ये बाळूंचे निधन झाले.

कुंपणे

पळवणकरांच्या प्रश्नाचे उत्तर जिमखान्याने अडखळत का होईना, दिले. आता दुसरा प्रश्न पुढे येत होता. हिंदू कोण, हे ठरले. परंतु हिंदूंचा म्हणून वेगळा संघ हवाच कशाला?

चौरंगी सामन्यांचे वैभव त्या वेळी शिगेस पोहोचले होते. १९२६ च्या हिवाळ्यात इंग्लंडहून आलेल्या एम. सी. सी. संघाविरुद्ध हिंदूंकडून खेळताना सी. के. नायडू यांनी १५३ धावा कुटल्या आणि त्यांत ११ षटकार होते. एल. पी. जय आणि विजय मर्चंट यांसारखे फलंदाज याच परंपरेतून आले. ते केवळ फलंदाज नव्हते. १९३२ मध्ये भारताचा पहिला कसोटी संघ इंग्लंडला निघाला, तेव्हा गांधीजी तुरुंगात होते, म्हणून जय आणि मर्चंट या दोघांनीही त्या दौऱ्यावर जाण्याचे नाकारले. खेळाडूच्या आयुष्यात अशी संधी कितीदा येते? जय यांच्या वाट्यास पुढे केवळ एक कसोटी आली, हे लक्षात घेतले म्हणजे या त्यागाचे वजन कळते.

१९३७ मध्ये 'इतर' या नावाचा पाचवा संघ येऊन स्पर्धा पंचरंगी झाली आणि नव्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर गेली. त्या पहिल्याच वर्षी हिंदू संघ खेळला नाही. कारण? प्रेक्षकांच्या बैठकींच्या वाटपावरून झालेला तंटा! ज्यांनी मंडळाच्या नाट्यप्रयोगाच्या पहिल्या रांगेतील प्रवेशिका वाटण्याचे काम कधी केले असेल, त्यांना या तंट्याचे आश्चर्य वाटणार नाही.

हे 'इतर' कोण होते? ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू आणि असेच कोणत्याही कुंपणात न मावणारे लोक. विजय हजारे सांगलीचे, घरची भाषा मराठी, धर्माने ख्रिस्ती. म्हणून ते 'इतर'. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंनी ५ बाद ५८१ धावांवर डाव सोडला, त्यांत मर्चंट यांच्या नाबाद २५० होत्या. 'इतरां'चा पहिला डाव १३३ धावांत कोसळला. दुसऱ्या डावात सारा संघ मिळून ३८७, आणि त्यांत एकट्या हजाऱ्यांच्या ३०९! त्यांचे बंधू विवेक यांनी एक बाजू धरून ठेवली, त्यांच्या धावा केवळ २१. परंतु त्या भावांच्या भागीत ३०० धावा झाल्या. हिंदू एक डाव आणि ६१ धावांनी जिंकले, तरी लोकांच्या स्मरणात राहिले ते हजारे. परप्रांती राहणाऱ्या आपणां मराठी माणसांना हा डाव अधिक जवळचा वाटावा. आपण राहतो त्या गावाच्या खानेसुमारीत आपणही 'इतर' या रकान्यातच मोडतो, आणि एक बाजू धरून ठेवणारा कोणी सोबती मिळाला तर त्या रकान्यातूनही मोठा डाव उभारता येतो.

धर्मानुसार संघ पाडण्यास विरोध वाढत होता. 'बाँबे क्रॉनिकल'चे क्रीडा संपादक जे. सी. मैत्र सातत्याने त्याविरुद्ध लिहीत. डिसेंबर १९४० मध्ये जिमखान्याचे पदाधिकारी सल्ला घेण्यासाठी वर्ध्यास गांधीजींकडे गेले. देशातील पुढारी तुरुंगात आणि जगात महायुद्ध पेटलेले असताना हा उत्सव कशासाठी, असे गांधीजींनी विचारले, आणि क्रीडांगणावर जातीय भेद असू नयेत असेही बजावले. त्या वर्षी हिंदू संघ खेळला नाही. दुसऱ्या वर्षी मात्र तो पुन्हा उतरला आणि जिंकलाही. लोकप्रियता, गल्ला आणि सवय यांचा मोह सत्त्वशील सल्ल्यापेक्षा बळकट ठरला, हे नमूद केल्यावाचून हा इतिहास प्रामाणिक होणार नाही. १९४५–४६ चा हंगाम संपला आणि त्यानंतर पंचरंगी सामने कायमचे बंद झाले.

याच काळात मुंबईपासून दूर, इंदुरात, निराळे चित्र दिसत होते. होळकरांच्या मराठी संस्थानाच्या संघात सी. के. नायडू आणि मुश्ताक अली एकाच तंबूत बसत. मुंबईत हे दोघे परस्परांविरुद्ध, एक हिंदूंकडून आणि दुसरा मुसलमानांकडून खेळत. इंदुरात मात्र ते एकत्र खेळले आणि १९४५–४६ मध्ये होळकर संघाने रणजी करंडक जिंकला. कुंपणाविना खेळता येते, हे त्या संघाने दाखवून दिले. आणि ते दाखविले महाराष्ट्राबाहेरच्या मराठी दौलतीत, याचा आपणांस अभिमान वाटावा.

पुढील दिवस

हिंदू जिमखाना पंचरंगीबरोबर संपला नाही. मुंबईच्या क्लब क्रिकेटमध्ये तो खेळत राहिला. पुरुषोत्तम शील्ड ही स्पर्धा याच जिमखान्याची. १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगच्या ओल्या खेळपट्ट्यांवर मुंबईच्या फलंदाजांच्या पिढ्यान्‌पिढ्या तयार झाल्या. समोरचा समुद्र मागे हटला, मरीन ड्राइव्ह झाला. मागून लोकलगाड्या धडधडत जातात. त्याच हिरवळीवर आता लग्नसमारंभही होतात आणि शेकडो माणसे जेवतात. कोण कोणाच्या शेजारी बसले हे पाहण्याची तेथे कोणास आठवणही होत नाही.

पन्नास वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या संस्थापकांनी खोली भाड्याने घेतली, गणपती बसविला, वाचनालयाचे कपाट आणले. तेव्हा त्यांच्या मनातही, परक्या गावी आपले असे एखादे मैदान असावे, हीच इच्छा असली पाहिजे. अशी इच्छा निर्दोष असते. परंतु आपले म्हणून जे उभे राहते त्याला लौकरच 'आपले' म्हणजे कोण, हे ठरवावे लागते. कोणत्या आळीचे, कोणत्या जातीचे, कोणत्या पगाराचे? गणेशोत्सवाच्या प्रसादाच्या पंगतीत कार्यकारिणीतील अधिकारी बसतो, तेथेच कारखान्यातील फिटर, वाढपी आणि सभागृह झाडणारा मराठी माणूस बसतो का? आणि बसत असेल तर पुढील निवडणुकीत त्याचे नाव अध्यक्षपदासाठी सुचविले जाते का? हिंदू जिमखान्यास पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यास थोडी वर्षे लागली, दुसऱ्यास तीस. त्यातही वाट दाखविली ती पदाधिकाऱ्यांनी नव्हे. खेळाडूंच्या आग्रहाने, दोन भावांच्या स्वाभिमानाने आणि एका कर्णधाराच्या खरेपणाने ती मोकळी झाली.

सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षात मंडळाच्या भिंतीवर संस्थापकांच्या तसबिरी लागतील. त्या लागावयासच हव्यात. त्यांच्याच ओळीत मैदान झाडणाऱ्या माणसांसाठी एक चौकट मोकळी ठेवली, तर पुढील पन्नास वर्षांचा इतिहास लिहिणाऱ्यास फार शोधाशोध करावी लागणार नाही.